बारा नंबरची रात्र

एप्रिल. सिव्हिलची बायकांची खोली, रात्रपाळी.
पंखा फिरतो, पण वारा त्याचा त्यालाच लागतो.

सहा नंबरच्या काकूंनी
पाण्याचा ग्लास धरायच्या आधी विचारलं,
"सिस्टर, तुमचं आडनाव?"
मी सांगितलं.
"तहान नाही," म्हणाल्या.
पहाटे चारला, मी पाठ फिरवल्यावर,
नळाखाली त्यांची ओंजळ.
सलाइन मात्र माझ्याच हातचं चाललं,
ते तोंडावाटे जात नाही ना.

घरी आईला हे हसत हसत सांगितलं.
ती हसली नाही.
सुपातल्या पानाला दोरा गुंडाळत राहिली.

नऊ नंबरवर राजव्वा चिलवेरी.
केसपेपरवर आधीच्या पाळीचं अक्षर:
सहकार्य करत नाही.
तिला मराठी येत नव्हतं, एवढंच.
मी विडी कामगारांच्या चाळीत वाढलेली.
"नोप्पी एक्कडा?" विचारलं,
तर तिनं एक बोट ठेवलं, उजवीकडे, खाली,
नेमकं अपेंडिक्सवर.
डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं.
दोन दिवस मी ताठ चालले.

मग सेटलमेंटातनं सुरमी आली,
पाय पोटरीपर्यंत भाजलेला.
आया कानाशी पुटपुटली, "पारधी हाय, बघा."
मी ऐकलंच नाही असं केलं,
आणि माझ्या हातानं टेबलाचा ड्रॉवर लोटला,
किल्ली फिरवली.

आत काय होतं?
अर्धा बिस्किटपुडा, थर्मामीटर,
अडखळत लिहिणारं पेन.

कट्ट.
एवढासाच आवाज.
तिनं डोळे उघडले नाहीत,
नुसती मान वळवली आवाजाकडे,
ओळखीच्या माणसाकडे वळवावी तशी.

पट्टी सोडवायला गेले
तर न सांगता तिनं दोन्ही हात
चादरीवर आणून ठेवले,
तळवे वर, बोटं सुटी,
मला दिसतील असे.

"मावशी, लई दुखूलालंय का?"
"सवय हाय," म्हणाली.
कशाची, ते मी विचारलं नाही.
कापूस भिजवत राहिले.
भिजलेलाच परत भिजवला.

सकाळी पाळी सोपवताना वाचून दाखवलं:
बारा नंबर, ताप नाही, ड्रेसिंग केलं, रात्री झोप नाही.
कुलपाचा रकाना रजिस्टरात नसतो.

दुपारी एप्रन धुवायला काढला,
आईनं खिसा चाचपला, सवयीनं,
आणि ओल्या हातात किल्ली धरून विचारलं,
"ही गं कशाची?"