चार सेकंद चहा फुकट

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी
ते यंत्र चार सेकंद चुकलं नाही.
एवढंच.
ईप्सिताने खुर्चीवरून उडी मारली, ताहेर नुसता बसून राहिला,
आणि मी, हेलियम भरणारा विश्राम मुणगेकर,
हाताचं ग्रीस विजारीला पुसत विचारलं,
"म्हणजे झालं का?"

झालं होतं.
चार वाजेपर्यंत टेकडीवरच्या टाकीपासून देवनारच्या गेटापर्यंत
सगळ्यांना कळलं होतं झालं म्हणून,
काय, ते कोणालाच नाही.

कँटीनच्या कुंदरने फळ्यावर खडूने लिहिलं:
संस्थेच्या यशाबद्दल चार सेकंद चहा फुकट.
तिघे पळत गेले. पोचलं कोणी नाही.

हिशेबखात्यातल्या तेंडोलकरबाई चष्मा वर सरकवत म्हणाल्या,
"एकाच वेळी हो आणि नाही? त्यात शोध कसला?
माझ्या प्रवासभत्त्याच्या फायलीवर
सहा वर्षं हाच शेरा आहे."

गेटवरचा बाबुलाल म्हणाला,
"शून्याच्या खाली दोनशे त्र्याहत्तर?
साहेब, त्यातले दहा अंश
माझ्या केबिनकडे सोडा की."

नाक्यावर हिराबाईने पापलेट कापता कापता ऐकून घेतलं.
"तू म्हणतोस तो भाव आणि मी म्हणते तो भाव,
दोन्ही खरे, असंच ना?
मान्य आहे बाबा.
पैसे तेवढे माझ्या भावाने दे."

घरी हर्षदा कणीक मळत होती.
"सगळ्या जगाचे पासवर्ड फुटणार म्हणे?
तुझा तर मला बारा वर्षं ठाऊक आहे.
माझ्या वाढदिवसाची तारीख.
तीही चुकलेली."

रात्री साडूचा फोन, अनंत घाडीचा,
विक्रोळीच्या संक्रमण शिबिरातून.
"आमची खोली तुमच्या यंत्रातलीच रे, विश्राम.
कागदावर मिळालेली, हातात न मिळालेली.
बिल्डरच्या ऑफिसात जाऊन विचारलं
की त्याच क्षणी नाहीशी होते.
म्हणून हल्ली विचारत नाही."
मी हसलो. तोही हसला.
मग दोन्हीकडून नुसते पंखे ऐकू आले.
तिथे राहायला गेला तेव्हा त्याची मुलगी चौथीत होती.
परवा ती मतदान करून आली.

बुधवारी पेपरात फोटो.
संचालक, गुच्छ, ईप्सिता, गुच्छाआड ताहेर,
आणि डाव्या काठाला एक कोपर.
कोपर माझं.
खाली क्यूबिटचं क्यूबिक झालेलं, हेलियमचं हेलीकम,
आणि देवनारचं देवगड.
न चुकलेल्या यंत्राची बातमी, तीन चुकांसकट.
तरी हर्षदाने कात्रण कापलं,
कोपराच्या बाजूने जरा जपून.

मला त्यातलं गणित कळत नाही.
मला कळतं, कुठली नळी पहाटे तीनला कण्हते,
कुठला नट पाव फेरा जास्त आवळला की रुसतो.
आठ महिने त्याला गार ठेवलं,
तापातल्या पोराशेजारी बसतात तसं बसून.
फरक एवढाच, की
कपाळावर हात ठेवता येत नव्हता.

त्या रात्री पंप नेहमीसारखा चिक् चिक् करत होता.
यंत्र पुन्हा चुकायला लागलं होतं,
ईप्सिता म्हणाली, चालायचंच,
आणि टेबलावर डोकं ठेवून झोपली.

साडेतीनला कँटीनचं शटर अर्धं वर.
कुंदर सकाळची उडीद डाळ धूत होता.
ग्लास पुढे सरकवला त्याने न विचारता.
मी खिशात हात घातला, तर म्हणाला,
"राहू दे. चार सेकंद आहेत अजून."
"दीड दिवस झाला, कुंदर."
"झाला असेल. मी कुठे घड्याळ बघितलं?"

चहात साखर जास्त होती.
मी काही बोललो नाही.