तुटक रेष

बोट सकाळी सातला धक्क्याला लागली,
संध्याकाळी साडेपाचला सुटणार होती.
मधल्या वेळात एक बेट,
त्याचा तीन हजार वर्षांचा इतिहास
आणि चार पेले वाइन.
सगळं तिकिटातच.

वन्सं म्हणाल्या, पेल्यांचे पैसे परत मिळतात का बघ.
दांडिया बाजारातून निघताना त्यांनी
लीलो चिवडो घेतला होता, दोन किलो,
बेटावर काय मिळेल कोण जाणे म्हणून.

सात नंबरची बस. थेक्ला नावाची गाइड,
हातात मिटलेली पिवळी छत्री.
राजे, भूकंप, चाचे, तुर्क
एकेका वळणावर ती दोन-दोन वाक्यांत उरकत होती.
वन्सं मधेच विचारत, इथं पाणी कुठून येतं गं?
दव, थेक्ला म्हणाली, रात्री समुद्रावरून येतं.
वेली मांडवावर नव्हत्याच,
जमिनीलगत टोपलीसारख्या वळलेल्या,
आत द्राक्षं, घरट्यातल्या अंड्यांसारखी
वाऱ्यापासून लपून.

मी विद्यापीठात एकतीस वर्षं
खापरांची चित्रं काढली.
उत्तरेची खिडकी, कंपास, टोकदार पेन्सिल.
डावीकडे काप, उजवीकडे बाहेरची बाजू, मधे उभी रेघ.
त्यातलं एक खंभातच्या आखाताजवळच्या टेकाडातलं,
तळहाताएवढं, कानाच्या बुंध्यासकट,
आतून काळसर लेप.
सर म्हणाले, दारूचा बुधला, समुद्रापलीकडचा.
उरलेला बुधला मी तुटक रेषेनं पुरा केला,
अंदाजानं.
अहवालात तो तसाच छापून आला.
खापर अजून तिथंच असेल, खणात, कापसावर.
दारूबंदीच्या राज्यात
बिनपरवान्याचं.

वाइनवाल्याच्या अंगणात लांब बाक, पांढरी भिंत,
इतका उजेड की पेल्याला सावली सुद्धा पिवळी.
वन्संनी पहिला पेला नुसता हुंगला.
दुसरा उजव्या हाताच्या खोलगटात ओतून
तीर्थासारखा घेतला, उरलेला हात केसांना पुसला.
तिसऱ्याला त्यांनी चिवड्याची पिशवी फोडली
आणि म्हातारा वाइनवाला
मुठीमुठीनं खात सुटला.
चौथा उन्हात वाळवलेल्या द्राक्षांचा, दाट, गोड.
वन्संनी तो थेंबभर न ठेवता संपवला.
हे तर द्राक्षासव, त्या म्हणाल्या,
बाळंतिणीला द्यायचो की आपण.

मी तेव्हा कोपऱ्यात होते.
गळ्यापासून खांद्यापर्यंत शाबूत एक बुधला
मातीत रोवलेला, त्यात तुळशीसारखं काही लावलेलं.
अंगठा काठावर ठेवला
आणि अंगठ्याला तो ओळखीचा निघाला.
हात खाली सरकवत नेला.
खांदा माझ्या रेषेपेक्षा लवकर उतरत होता,
चांगली दोन बोटं.
माझा बुधला पोटाशी सुटलेला होता,
रावपुऱ्यात आमच्या माजघरात जी गव्हाची कोठी होती
तसा. मी दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

बसमध्ये थेक्लानं डोकी मोजली. एक कमी.
येईल ती, वन्सं मराठीतच म्हणाल्या,
माप घेतीय.

आता वडोदरा. बेचाळीस डिग्री.
सूरसागराच्या कट्ट्यावर वन्सं
बायकांना बेट सांगतात:
पांढरी घरं, निळे घुमट, म्युझियम, समुद्र.
पेल्यांपाशी आलं की
गुडघ्यांचा विषय काढतात.

मी लाइटबिलाच्या मागे काठ काढला,
कान काढला, खांदा दोन बोटं वर घेतला.
त्याच्या खाली
बुधला मातीत होता, मला दिसला नव्हता.
पेन्सिल उचलली. टेकवली. उचलली. टेकवली.

एवढ्यात फोन.
वन्सं. खोकल्याचा आवाज काढून:
कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे विचार गं,
द्राक्षासव आहे का.
मोठी बाटली.