फार्गोचा हिशेब

विजेच्या बिलाच्या पाठीवर उभी रेघ मारतो.
डावीकडे गेलं ते, उजवीकडे येईल ते.

लोहामंडीत घेतली तेव्हा वजनावर घेतली,
ट्रकसारखी नव्हे, लोखंडासारखी.
काट्यावाल्यानं विचारलं, भिया, चाकातली माती काढून मोजू का?
मी म्हटलं, राहू दे.
बावन्न हजार, मातीसकट.

फार्गो, सन अठ्ठावन्न.
स्टिअरिंगच्या मधलं हॉर्नचं बटण कुठंच मिळेना,
ते मी स्वतः लेथवर काढलं, तीन दिवस लागले.
आयटीआयमधून निवृत्त झालेल्या इन्स्ट्रक्टरचा
तासाचा दर काय धरायचा?
कुमुद म्हणते, शून्य धरा,
नाहीतरी घरात काय करत होतात.

रईसभाई डेंटर, पालद्याचा.
चौदा महिने पत्रा ठोकला, पैसे घेतले सातांचे.
उरलेले सात कुठल्या रकान्यात घालू विचारलं
तर म्हणाला, उधर चाय लिख दो.
‘चहा’ लिहिलं.
पुढचा आकडा अजून कोरा आहे.

उजवी बाजू आज सकाळी ठरायची होती.
वडोदऱ्याहून अमीनशेठ आले, पोहे नको म्हणाले,
खिशातून लोहचुंबक काढला,
फ्रिजवर लावतात तसला, आंब्याच्या आकाराचा,
रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळला
आणि बॉनेटवरून फिरवू लागले,
पाठीवरून डॉक्टर नळी फिरवतो तसा.
चिकटला. चिकटला. दारावर, पायरीवर चिकटला.
डाव्या मडगार्डच्या वळणाशी
टप्पकन् खाली पडला.

पुट्टी, ते म्हणाले.

मला ठाऊक होतं.
मोतीबिंदू काढल्यानंतरचा पहिलाच आठवडा,
हातोडी दोनदा त्याच्या अंगठ्यावर बसली होती
आणि त्यानं मला चहा आणायला पिटाळलं होतं.
परतलो तर वळण गुळगुळीत, प्रायमर ओला.
मी ग्लास पुढं केला. तेवढंच.

पुट्टीचे चाळीस हजार वजा.
मग इंजिन. मूळचं पेट्रोलचं कुठंय?
म्हटलं, चौसष्टातच कुणीतरी काढून पर्किन्स बसवलं.
मूळचं सहा वर्षं टिकलं,
ह्यानं पुढं तीस वर्षं कापूस ओढला.
तरीही, अमीनशेठ म्हणाले.
त्या ‘तरीही’चे दीड लाख.

आणि करणार काय गाडीचं?
तर रिसॉर्टच्या हिरवळीवर कायमची उभी करून
हौद्यातून पाणीपुरी वाढणार.
चावी मी तळहातावर धरूनच होतो.
सुरू करून बघा, असं म्हणायचं राहून गेलं,
त्यांनीही विचारलं नाही.

रविवारी सांगतो म्हटलं.

दुपारी रईसभाई आला, सायकल भिंतीला टेकवली.
मॅग्नेट लाए थे?
लाए थे.
फिर?
सब जगह चिपका.
तो डाव्या मडगार्डपाशी गेला,
नेमक्या त्या वळणावर तळवा ठेवला.
यहाँ भी?
यहाँ भी.

बराच वेळ तो हात तसाच.
मग म्हणाला, तो सेठ को भी मोतियाबिंद है,
और आपको भी.
आणि सायकल घेऊन गेला, चहा न पिता.

आता रात्र. डावीकडची बेरीज तीनदा केली,
तीनदा वेगळी आली.
उजवीकडे अमीनशेठचा आकडा, त्याखाली त्यांच्या वजाबाक्या.
चुंबक इथंच विसरून गेलेत ते;
कागद उडू नये म्हणून तोच ठेवलाय वर.

कुमुद विचारते, बिल भरलं का?
कागद उलटा करून बघतो.
शेवटची तारीख उद्याची.