बैलमाथ्यावर बाण

पैकुजींचा डोंगा खडकाला घासत थांबला,
आणि त्यांनी वल्ह्यानंच दाखवलं : इथून वर.
वर म्हणजे उभा काळा कातळ,
त्याच्या भेगांत धावड्याची मुळं,
आणि मुळांना धरून चढायचं असतं
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्याजवळ पिवळ्या रंगाचा डबा, दोन इंची ब्रश
आणि ऑफिसातून मिळालेला नकाशा,
ज्यात बैलमाथा म्हणजे धरणाच्या निळ्यावर
सांडलेला एक हिरवा शेंगदाणा.
त्यावर तीन वाटा आखायच्या :
सोपी, मध्यम, अवघड.
दर पन्नास पावलांवर बाण.
हिवाळ्यात पाहुणे येतील बूट घालून.

"वाटा आखाच्या कायले? आहेतच ना जी,"
पैकुजी म्हणाले
आणि टायरच्या चपला फटफटवत पुढं निघाले.

ही डुकराची. वाकूनच चालायची.
ही सांबराची, ते पोहून येते रात्री
अन् उजाडायच्या आत परत जाते, पाहुण्यासारखं राहत नाही.
ही चेंडकाबाईची.
कोण चेंडकाबाई?
डिंक वेचे. गेली मरून.
मग आता कोण चालतं इथून?
साळिंदर.

मी बाण काढत गेले.
कुसळं मोज्यांत, मोजे बुटांत, बूट मुरमात,
मुरूम खाली खाली घसरत पाण्यापर्यंत.
ऐनाच्या खोडावर लाल मुंग्यांनी पानं शिवलेली;
त्यांच्या घराखालून जाताना
मी ब्रश छातीशी धरला, लहान मूल धरावं तसा.
चिलाटीनं ओढणी धरली ती सोडेचना.
शेवटी फाडली. अर्धी तिथंच आहे अजून.
तोही बाणच एक, वारा सुटेल तिकडचा.

अवघड वाटेवर डबा निसटला.
तीन टप्पे खात गेला, चौथ्याला उघडला,
आणि गारगोटीच्या एका मोठ्या दगडावर
पिवळं थारोळं पसरलं,
त्याला ना टोक ना शेपूट.
पैकुजी पोट धरून हसले :
"घ्या. आता चारी मेर वाट."

माथ्यावर भाकर, ठेचा, आणि वारा इतका
की बोललेलं दुसऱ्याच कोणाला ऐकू जावं.
खाली पाण्यात उभी वाळली झाडं,
त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून,
धुतलेल्या छत्र्या वाळत घातल्यासारखे.
नकाशा उडाला. मी उठले नाही.

उत्तरेकडून उतरताना वाट अचानक रुंद झाली.
बैलगाडी जाईल एवढी.
खडकात दोन चाकोऱ्या, बोटभर खोल,
कितीतरी वर्षांच्या लोखंडी धावांनी कोरलेल्या.
त्या उतरत गेल्या, उतरत गेल्या,
आणि न थांबता पाण्यात शिरल्या.

ही कुठं जाते?
"बाजारले. बुधवारच्या."
त्यांनी चपला काढल्या, पाय बुडवले.
"मे महिन्यात पाणी उतरते ना, तवा निघते वर.
आठ-दहा दिस. आमी जातो मंग चालत."
कुठं?
"कुठी नाही. जाऊन येतो."

ब्रशला थोडा रंग उरला होता.
शेवटच्या दगडावर, पाण्याच्या काठाला,
मी एक बाण काढला. टोक पाण्याकडे.
साहेब विचारतील.
फॉर्मात तीनच रकाने आहेत
आणि ही वाट कशात लिहावी ते मला आजही कळलेलं नाही.

परतताना ऊन कललं होतं.
समोर सारं मोकळं पाणी,
सरळ काठावर जाता आलं असतं.
तरी मध्येच पैकुजींनी डोंगा डावीकडे घेतला,
थोडं जाऊन उजवीकडे,
आणि एके ठिकाणी वल्हं उचलून धरलं,
कोणाला तरी आधी जाऊ द्यावं तसं.

मी पाण्यात वाकून पाहिलं. नुसतं हिरवं.
"चिंच हाय खाली," ते म्हणाले,
आणि पुन्हा वल्हवू लागले.