रॅक दोन, रत्नागिरी

शस्त्रागाराची खिडकी भाट्याच्या खाडीकडे.
कुणी ठेवली, विचारू नका.
कुलूप काढलं की पहिला आत येतो
खारा वारा, सही न करता.

डावीकडे जुन्या, निळवलेल्या नळ्या.
एक दिवस तेल चुकलं
की सकाळी चिंधीवर विटकरी डाग.
लपवाछपवी नाही.
उजवीकडे क्रोमवाल्या, आतून आरसा.
पुलथ्रू एकदा ओढला की झालं,
असं ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं.

आयरे हवालदारांनी बॅटरी धरली.
"तांडेल, तोंडाशी बघ."
केसाएवढी चीर.
तिच्यातून मीठ कधीचं आत उतरलेलं,
वर चकाकी जशीच्या तशी.

माझा बापूस होडीला मोरीचं तेल चोपडायचा.
घरभर वास, आयेची कटकट.
"लाकूड कुरकुरतं तरी," म्हणायचा.
पुढे फायबरची घेतली,
डबा माळ्यावर गेला, अर्धा भरलेला.

रजिस्टरात लिहिलं:
नळी क्रमांक सतरा, क्रोम, बदलावी.
हात पुसले.
मग डावीकडच्या सगळ्या
एकेक करून पुन्हा खाली काढल्या,
कालचं तेल अजून ओलं होतं
तरीही.