मापाहून लहान

सकाळी सहाला दिवे लागतात
आणि झेब्राफिश अंडी घालतात.
बाहेर मेनच्या किनाऱ्यावर उजाडो, न उजाडो.

तिसऱ्या दिवशी पिल्लं पापणीच्या केसाएवढी,
काचेसारखी आरपार.
मूत्रपिंड म्हणजे दोन नळ्या. फक्त दोन.

मार्जोलेन थिबोडो त्यांना गुंगीच्या पाण्यात आडवं करते,
श्वास रोखते,
केसाहून बारीक सुईनं शिरेत सोडते
जेंटामायसिनचा थेंब. थेंब तरी कसला,
थेंबाची आठवण.
उद्या हृदयाभोवती पाणी साचेल, मग डोळ्यांभोवती.
तळहातावरच्या फोडासारखी जपलेली पिल्लं
खरोखरच फोड होऊन तरंगतील.
ती वहीत लिहील: सूज, चाळीसपैकी एकतीस.

मी शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर.
माझ्या भाषेत पाण्यात पाहणं म्हणजे वैर धरणं,
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

या शनिवारी तिची गाडी बर्फात अडकली,
म्हणून तिच्या बापाला डायलिसिसला मी नेलं.
ऑर्विल. चाळीस वर्षं लॉबस्टरचे पिंजरे ओढले.
आता दिवसाचं पाणी बाटलीत मोजून पितो.
घोट्यावर अंगठा दाबला की खळगा राहतो,
भरायला वेळ लागतो.
हाताची जखम चिघळली होती. औषधानं हात वाचवला,
जाताना बाकीचं घेऊन गेलं.
त्याचं नाव तिला जुन्या फाइलमध्ये सापडलं,
प्रयोग सुरू होऊन सात महिने झाल्यावर.
आमच्या फ्रिजमधल्या कुपीवरचंच.

"दुखतं का त्यांना?"
"गुंगी देतो, बाबा."
"मला तर नुसतं म्हणतात, जरा टोचेल हं."

ती सांगते, हे मासे मोठे झाले
की दुखावल्यावर नव्या नळ्या उगवतात.
माणसाला जमत नाही ते.
"कसं काय?"
"तेच तर बघतेय."
"आणि बघून झाल्यावर?"
"तेच गुंगीचं पाणी. जरा जास्त."

त्याच्या खिशात पितळी माप अजून असतं.
डोळ्याच्या खोबणीपासून कवचाच्या कडेपर्यंत धरायचं,
कमी भरलं तर परत समुद्रात.
"लहानांना आम्ही सोडून द्यायचो," तो म्हणाला,
रागानं नाही. मग त्याला डुलकी लागली.

दंडातून दोन नळ्या निघालेल्या, आरपार, लाल.
मार्जोलेन त्यांच्याकडे बघत होती
की त्यांच्यापलीकडे, कळलं नाही.
यंत्रावर दोन तास दहा मिनिटं उरली होती.
मी कॉफी आणायला गेलो. तिघांसाठी विचारली,
मग आठवलं, दोनच.