शर्यत निवडताना

बर्लिनच्या सोडतीत नाव आलं नाही.
टोकियोचा खर्च दोनदा मांडला, दोनदा खोडला.
मग दोहा: सपाट रस्ता,
जानेवारीतली बरी हवा, चार तासांचं विमान.
बायकोला एवढीच कारणं सांगितली.

इब्राहिम परकार फोनवर हसला,
"पैसे भरून पळतोस? खेडात फुकट पळायचास की,
तेही माझ्या मागे."
खरं होतं. शाळेच्या मैदानावर
त्याच्या टाचा पाठ झाल्या होत्या मला.

कॉर्निशवर, तेहेतिसाव्या किलोमीटरला
तो उभा. सिक्युरिटीचा निळा गणवेश, हातात थर्मास.
माझ्या पोटऱ्यांचा दगड झालेला.
"चहा नको रे, पाणी दे."
"पाणी काय, सगळेच देतात."

आणि दोरी ओलांडून
पळू लागला शेजारून,
जाड बुटांत, किल्ल्यांचा जुडगा वाजवत.
अठरा वर्षं इथे,
या रस्त्याच्या मधोमध आज पहिल्यांदा.

पन्नास पावलं असतील.
पुढेच होता, अर्धा हात.
घड्याळ बघून थांबला.
"जा तू. ड्युटी आहे."

पुढच्या वर्षीही दोहाच.
थर्मासचं झाकण माझ्याकडे राहिलंय.